जास्त धावलेल्या मोटारीतील स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल बदलणे

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल बदलणे ही मोटारगाडीच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. तिच्यात गिअरबॉक्समधील वापरून जुने झालेले तेल काढून त्याच विनिर्देशाचे नवे तेल भरले जाते. हे तेल 'एटीएफ' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. गॅरेजच्या बोलीत त्याला नुसते 'गिअर ऑईल' असेही म्हणतात. एक लाख किलोमीटरहून अधिक धावलेल्या मोटारींच्या बाबतीत ही प्रक्रिया वादाचा विषय ठरली आहे. इतक्या धावलेल्या गाडीचे जुने तेल काढले की गिअरबॉक्स 'बसतो', असा समज वाहनमालकांत आणि काही मिस्त्रींतही प्रचलित आहे. याउलट तेल कधीच न बदलल्यास गिअरबॉक्सची झीज वाढत जाते. वास्तविक हा निर्णय केवळ किलोमीटरच्या आकड्यावर घेता येत नाही. गिअरबॉक्सचा प्रकार, त्याची सद्यःस्थिती, तेलाचा विनिर्देश आणि भरलेल्या तेलाची अचूक पातळी या चार बाबी त्यात निर्णायक असतात. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यासारख्या उन्हाळा कडक असणाऱ्या भागात यांपैकी शेवटच्या बाबीला विशेष महत्त्व येते.

तेलाचे कार्य

इंजिनातील तेलाचे मुख्य काम वंगणाचे असते. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल मात्र एकाच वेळी पाच कामे करते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे माध्यम हेच तेल असते. व्हॉल्व्ह बॉडीतील बारीक वाहिन्यांमधून दाबाने फिरून ते क्लच जोडते व सोडते. दातेरी चक्रे आणि बेअरिंग यांना ते वंगण पुरवते. क्लचच्या चकत्यांमध्ये निर्माण होणारी उष्णता ते शीतकाकडे वाहून नेते. पाचवे काम सर्वांत नाजूक आहे. क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना किती वेगाने आणि किती घट्ट पकडावे, हे तेलातील घर्षण-नियंत्रक रसायनांवर अवलंबून असते. गिअर बदलताना धक्का बसणे किंवा न बसणे हे बऱ्याच अंशी या रसायनांमुळे ठरते. म्हणून एका गिअरबॉक्ससाठी बनवलेले तेल दुसऱ्यात चालेलच असे नसते.

इतिहास

टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली पेटंट घेतलेल्या जलगतिक यंत्रणेत आहे. मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणून जनरल मोटर्सच्या 'हायड्रामॅटिक'चा उल्लेख होतो. तो १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आला. याच कंपनीने १९४९ साली 'टाइप ए' हा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाचा विनिर्देश ठरवला आणि १९६७ साली 'डेक्स्रॉन' हे नाव प्रचारात आणले.

या सुरुवातीच्या तेलांमध्ये घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशापासून मिळणारे तेल वापरले जात असे. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि उत्पादकांना पर्यायी रसायने शोधावी लागली. पुढील डेक्स्रॉन विनिर्देश या बदलानंतर आले. संश्लेषित तेलाच्या दिशेने झुकणारा 'डेक्स्रॉन-६' २००५ साली आला. जनरल मोटर्सने 'डेक्स्रॉन-३'चे परवाने २००६ अखेर थांबवले. त्यामुळे आज एखाद्या डब्यावर केवळ हे नाव छापलेले असणे म्हणजे मूळ कंपनीची मान्यता असणे नव्हे.

'ऑटोमॅटिक' गिअरबॉक्सचे प्रकार

भारतात 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात. तेल बदलण्यापूर्वी गाडीत यांपैकी कोणती यंत्रणा आहे हे निश्चित करावे लागते.

टॉर्क कन्व्हर्टर : हा पारंपरिक प्रकार असून टोयोटा इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या गाड्यांच्या स्वयंचलित आवृत्त्यांत तो आढळतो. यात एटीएफ वापरतात. तेल बदलण्याविषयीची बहुतेक चर्चा याच प्रकाराला लागू पडते.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमधून फिरणारा पोलादी पट्टा वेगाचे गुणोत्तर सलग बदलत राहतो. पट्टा व पुली यांच्यातील पकड खास सीव्हीटी तेलावर अवलंबून असते. त्यात साधे एटीएफ घातल्यास पट्टा घसरून पुलीचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो.

दुहेरी क्लच : फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या गाड्यांत हा प्रकार 'डीएसजी' नावाने परिचित आहे. स्कोडाचा कारखाना मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे २००१ साली सुरू झाला, तर फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. तेलात बुडालेले क्लच असणाऱ्या सहा गिअरच्या डीएसजीत दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलण्याचे वेळापत्रक आहे. कोरडे क्लच असणाऱ्या सात गिअरच्या प्रकाराची रचना वेगळी असून त्याला हे वेळापत्रक लागू होत नाही.

एएमटी : ही मूलतः साधी हाती गिअरबॉक्स यंत्रणा असते. क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे चालकाऐवजी यंत्रणा करते. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ या मोटारीपासून ती लोकप्रिय झाली. पुढे अनेक छोट्या गाड्यांमध्ये ती आली. एएमटीमध्ये एटीएफ नसतेच. तिच्यात हाती गिअरबॉक्सचे गिअर तेल असते आणि क्लच चालवणारी यंत्रणा द्रवदाबावर चालणारी असल्यास तिचा स्वतंत्र द्रव असतो. एएमटी गाडी धक्के देत असल्यास त्याचे कारण बहुधा झिजलेली क्लच प्लेट किंवा क्लच चालवणारी यंत्रणा असते. अशा गाडीत 'ऑटोमॅटिकचे तेल' बदलून घेण्याचा खर्च वाया जातो.

तेल जुने का होते

तेलाच्या ऱ्हासाचे पहिले कारण उष्णता हे आहे. चालू स्थितीत टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समधील तेल सामान्यतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाला असते. रसायनशास्त्रातील ढोबळ नियमानुसार तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी सतत ११० अंशांवर काम करणाऱ्या तेलाचे आयुष्य अंदाजे चौथ्या हिश्श्यावर येते. ऑक्सिडीकरणामुळे तेलात आम्ले व चिकट थर तयार होतात आणि हे थर व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाहिन्यांमध्ये साचतात.

दुसरे कारण यांत्रिक आहे. तापमान बदलले तरी तेलाचा दाटपणा टिकून राहावा म्हणून त्यात लांब रेणूंची रसायने मिसळलेली असतात. दातेरी चक्रांमध्ये वारंवार चिरडले गेल्याने हे रेणू तुटतात आणि तेल पातळ होते. तिसरे कारण अशुद्धींचे आहे. क्लचच्या चकत्यांवरील घर्षण-पदार्थाचे कण आणि धातूचा अतिसूक्ष्म चुरा तेलात मिसळत राहतो. चुरा पकडण्यासाठी तेलाच्या चेंबरमध्ये चुंबक बसवलेले असतात, परंतु घर्षण-पदार्थाचे कण त्यांना चिकटत नाहीत.

गाडी कशी वापरली गेली, यावरही बरेच अवलंबून असते. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच जुळलेला असतो, घसरण जवळजवळ नसते आणि उष्णता कमी निर्माण होते. शहरातील गर्दीत वारंवार थांबत चालताना तेच तेल सतत घुसळले जाऊन तापते. त्यामुळे मीटरवर प्रत्येकी १,५०,००० किलोमीटर दाखवणाऱ्या दोन गाड्यांमधील तेलाची अवस्था अगदी भिन्न असू शकते.

'आजीवन' तेल

अनेक उत्पादक आपल्या गिअरबॉक्समधील तेलाला 'आजीवन' म्हणतात आणि देखभालीच्या वेळापत्रकात त्याच्या बदलाचा उल्लेख करत नाहीत. येथे 'आजीवन' या शब्दाचा अर्थ उत्पादकाने गृहीत धरलेल्या परिस्थितीत गाडीचे अपेक्षित आयुष्य असा असतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे असलेली गाडी बहुधा या अपेक्षित आयुष्याच्या टोकाला किंवा त्यापलीकडे गेलेली असते. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. काही मोटार उत्पादक हेच गिअरबॉक्स 'आजीवन तेल' म्हणून गाडीत बसवत आले आहेत. अनेक पुस्तिकांमध्ये 'कठोर वापर' या सदराखाली कडक उष्णता, धूळ, चढाव, ओझे ओढणे किंवा वारंवार थोडे अंतर जाणे अशा परिस्थितीसाठी कमी अंतराचे वेगळे वेळापत्रक दिलेले असते.

तेल बदलल्याने गिअरबॉक्स बिघडतो काय?

तेल बदलल्यानंतर काही दिवसांतच गिअरबॉक्स निकामी झाल्याची उदाहरणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्य असू शकते. मात्र 'नंतर' घडलेली गोष्ट 'त्यामुळे' घडली असे त्यावरून सिद्ध होत नाही. अशा घटनांमागे सामान्यतः पुढील कारणे असतात.

पहिले कारण निवडीचे आहे. एक लाख किलोमीटरपर्यंत तेलाकडे लक्ष न देणारा मालक बहुधा गिअर घसरू लागल्यावर किंवा झटके बसू लागल्यावरच गॅरेजमध्ये येतो. त्या वेळी क्लच आधीच झिजलेले असतात. तेल न बदलता तीच गाडी चालवत राहिल्यास तिचा शेवट तसाच होतो. फक्त दोष तेलबदलावर येत नाही.

दुसरे कारण झिजलेल्या क्लचचे आहे. जुन्या तेलात क्लचच्या पदार्थाचे कण तरंगत असतात आणि घर्षण-नियंत्रक रसायने क्षीण झालेली असतात. त्यामुळे गुळगुळीत झालेले क्लच कशीबशी पकड धरून असतात. नव्या तेलात ही रसायने पूर्ण प्रमाणात असल्याने लपलेली घसरण उघड होऊ शकते. येथे नव्या तेलाने झीज निर्माण केलेली नसते, ती दृश्य केलेली असते.

तिसरे कारण साचलेल्या थरांचे आहे. वर्षानुवर्षे बसलेला गाळ यंत्राच्या दाबाने किंवा तीव्र सफाई-रसायनाने एकदम सुटला, तर तो व्हॉल्व्ह बॉडीतील बारीक वाहिनी अडवू शकतो. म्हणून नोंदी नसलेल्या जुन्या गाडीत सफाई-रसायन वापरणे टाळले जाते.

चौथे कारण मानवी चुकीचे असते. चुकीच्या विनिर्देशाचे तेल भरणे आणि पातळी कमी किंवा जास्त ठेवणे या दोन चुकांमुळे चांगला गिअरबॉक्सही बिघडतो.

सुस्थितीतील गिअरबॉक्समध्ये योग्य विनिर्देशाचे तेल योग्य पातळीपर्यंत भरल्याने तो बिघडावा, असे कोणतेही यांत्रिक कारण नाही.

बदलापूर्वीची तपासणी

तेल बदलण्याचा निर्णय घेण्याआधी गाडी चालवून पाहणे आवश्यक असते. गिअर घातल्यावर गाडी ओढ घेण्यास किती वेळ लावते, वेग वाढताना इंजिनाचे फेरे वाढूनही गाडी मागे राहते काय, रिव्हर्समध्ये झटका बसतो काय, या गोष्टी पाहिल्या जातात. निदान-यंत्र जोडून संगणकातील दोष-संकेत वाचले जातात.

त्यानंतर तेलाचा नमुना पाहिला जातो. पारंपरिक एटीएफ नवे असताना लाल असते आणि वापराने तपकिरी होत जाते. काही सीव्हीटी तेले हिरवी किंवा फिकट पिवळी असतात. काही आधुनिक तेले लवकर गडद होतात. त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढता येत नाही. गडद रंगासोबत जळका वास असल्यास क्लच तापल्याची शक्यता असते. दुधाळ किंवा गुलाबी फेसाळ तेल ही तातडीची खूण होय. रेडिएटरमधील गिअरबॉक्स-शीतक फुटून कुलंट तेलात मिसळल्याचे ते चिन्ह असते. अशा स्थितीत केवळ तेल बदलून भागत नाही.

चेंबर उघडल्यावर चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप दिसणे सामान्य असते. धातूचे चमकदार कण, तुकडे किंवा सुईसारखे काप दिसल्यास आतील भाग तुटत असल्याचे समजतात.

या तपासणीनुसार गाड्यांची ढोबळ विभागणी अशी करता येते:
• नोंदी उपलब्ध, दोष नाही : वेळापत्रकाप्रमाणे तेल व फिल्टर बदलतात.
• नोंदी नाहीत, दोष नाही : चेंबरमधील तेल टप्प्याटप्प्याने बदलतात, यंत्राने सफाई टाळतात.
• क्वचित झटका किंवा किंचित विलंब : तेलाची पातळी व दोष-संकेत तपासून टप्प्याने बदल करतात; सुधारणेची खात्री नसते.
• स्पष्ट घसरण, जळका वास, धातूचे तुकडे : तेलबदल हा उपाय नसतो. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करावा लागतो, आणि हे मालकाला तेल भरण्यापूर्वीच सांगणे उचित ठरते.

बदलाच्या पद्धती

चेंबरचा बोल्ट काढल्यावर सर्व तेल बाहेर येत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, शीतक व वाहिन्या यांमध्ये निम्म्याहून अधिक तेल राहते. समजा, गिअरबॉक्सची एकूण क्षमता ८ लिटर असून एका वेळी ३.२ लिटर, म्हणजे ४० टक्के तेल निघते. पहिल्या बदलानंतर ६० टक्के तेल जुने राहते. काही शे किलोमीटर गाडी चालवून दुसऱ्यांदा बदल केल्यावर जुन्या तेलाचा वाटा ३६ टक्के होतो आणि तिसऱ्यांदा सुमारे २२ टक्क्यांवर येतो. तीन बदलांसाठी एकूण ९.६ लिटर तेल लागते. गाळ हळूहळू सुटतो आणि प्रत्येक टप्प्यावर गाडीचे वर्तन पाहता येते, म्हणून जास्त धावलेल्या गाडीसाठी ही पद्धत सावध मानली जाते.

दुसऱ्या पद्धतीत शीतकाकडे जाणाऱ्या नळीला यंत्र जोडून जुने तेल बाहेर काढत असतानाच नवे तेल आत सोडले जाते. यात बहुतेक सर्व तेल एकदम बदलते. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपाच्या दाबावर होणारी अदलाबदल आणि बाहेरून दाब देऊन किंवा रसायन घालून केलेली सफाई यांत फरक आहे. बोलीत दोन्हींना 'फ्लशिंग' म्हणतात आणि त्यामुळे गैरसमज वाढतो.

प्रक्रिया

गाडी सपाट जागेवर उचलयंत्रावर किंवा भक्कम स्टँडवर घेतली जाते. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. तेल कोमट असताना काढतात, कारण नुकत्याच धावलेल्या गाडीच्या तेलाने त्वचा भाजते.

प्रथम तेल भरण्याचा बोल्ट सैल होतो याची खात्री केली जाते आणि त्यानंतरच खालचा बोल्ट काढला जातो. हा क्रम उलटल्यास तेल निघून गेल्यावर भरण्याचा बोल्ट गंजून अडकलेला आढळतो आणि गाडी जागेवरून हलवता येत नाही. निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजले जाते. चेंबर काढून स्वच्छ करतात, चुंबक पुसतात, फिल्टर बदलण्याजोगा असल्यास तो बदलतात आणि नवे पॅकिंग व वॉशर घालून बोल्ट ठरलेल्या बळाने आवळतात. काही गाड्यांत फिल्टर गिअरबॉक्सच्या आत असतो आणि तो उघडल्याशिवाय काढता येत नाही.

निघाले तेवढेच तेल भरून इंजिन सुरू केले जाते. ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी, आर, एन आणि डी या प्रत्येक स्थानी काही सेकंद ठेवला जातो. त्यानंतर पातळी तपासली जाते. काही गाड्यांत संगणकातील जुनी जुळवणूक पुसून गिअर बदलण्याची पद्धत नव्याने शिकवावी लागते. शेवटी गाडी चालवून गळती तपासतात आणि तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव व प्रमाण नोंदवून ठेवतात.

तेलाची पातळी आणि तापमान

जुन्या रचनेच्या गाड्यांत तेलाची पातळी पाहण्यासाठी पट्टी असते आणि तिच्यावर थंड व गरम अशा दोन खुणा असतात. नव्या गाड्यांत पट्टी नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर पातळीचा बोल्ट काढला जातो. जास्तीचे तेल बाहेर पडून धार थेंबांवर आली की बोल्ट लावला जातो. अनेक गिअरबॉक्समध्ये हे तापमान साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असते. नेमका आकडा गाडीच्या सेवा-पुस्तिकेत दिलेला असतो आणि तापमान निदान-यंत्रावर वाचले जाते.

खनिज तेल दर अंशाला सुमारे ०.०७ ते ०.०८ टक्क्यांनी प्रसरण पावते. ८ लिटर तेल ४० ऐवजी ७५ अंशांवर असताना बोल्ट काढल्यास प्रसरण पावलेले सुमारे ०.२ लिटर तेल वाहून जाते आणि गाडी थंड झाल्यावर पातळी कमी राहते. पातळी कमी असल्यास पंप हवा ओढतो, तेलाचा दाब घटतो आणि क्लच घसरतात. पातळी जास्त झाल्यास फिरत्या भागांमुळे तेलात फेस होतो आणि परिणाम तोच होतो.

हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके आहेत. अकोला ते नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ हिंगोली व कळमनुरीतून जातो. मे महिन्यात येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

या हवामानात पातळी तपासण्याची वर दिलेली पद्धत दुपारी जवळजवळ अशक्य होते. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतील तेल इंजिन सुरू करण्यापूर्वीच ४० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि इंजिन सुरू होताच काही मिनिटांत ते ठरलेली मर्यादा ओलांडते. म्हणून उन्हाळ्यात हे काम रात्रभर थंड झालेल्या गाडीवर पहाटे करणे सोयीचे ठरते. त्या वेळी तेल हवेच्या तापमानापासून सुरुवात करून सावकाश तपासणीच्या मर्यादेत येते. हिवाळ्यात ही अडचण राहत नाही.

महाराष्ट्रातच मालकी हस्तांतरित झाल्यास गाडीचा नोंदणी क्रमांक बदलत नाही. त्यामुळे हिंगोलीच्या एमएच-३८ क्रमांकाच्या गाड्यांसोबत पुणे व पिंपरी-चिंचवड येथील एमएच-१२ किंवा एमएच-१४ क्रमांकाच्या जुन्या गाड्याही जिल्ह्यात आढळू शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावरून गाडीचे वय कळते, पण गिअरबॉक्सची देखभाल कळत नाही. पुण्यातील गर्दीत वाढलेली गाडी आणि महामार्गावर धावलेली गाडी यांचे किलोमीटर सारखे असले तरी तेलाची अवस्था सारखी नसते. मीटर मागे फिरवलेले असण्याचीही शक्यता असते. अशी गाडी घेताना सेवाकेंद्रातील नोंदी मागणे आणि तेल प्रत्यक्ष पाहणे हाच विश्वसनीय मार्ग ठरतो.

गिअरबॉक्स रस्त्यात निकामी झाल्यास आणखी एक धोका संभवतो. ग्रामीण भागात बंद पडलेली गाडी दोर बांधून ट्रॅक्टरने किंवा दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याची रीत आहे. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असलेल्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चालित चाके जमिनीवर फिरत राहिल्यास गिअरबॉक्सच्या आतील भाग वंगणाविना फिरतात आणि दुरुस्त होऊ शकणारा गिअरबॉक्स पूर्ण निकामी होऊ शकतो. अशी गाडी सपाट वाहनावर चढवून किंवा चालित चाके उचलून न्यावी लागते. हिंगोलीहून नांदेड किंवा अकोल्याच्या सेवाकेंद्रापर्यंतचे अंतर लक्षात घेता ही बाब महत्त्वाची आहे. घसरणारा गिअरबॉक्स घेऊन तेथवर गाडी चालवत जाणेही त्याच कारणाने टाळले जाते.

तेलाची निवड

तेल निवडताना रंग, किंमत किंवा दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा पुस्तिकेत दिलेला विनिर्देश महत्त्वाचा असतो. उदाहरणार्थ, टोयोटाच्या अनेक गाड्यांना 'डब्ल्यूएस' हे कमी दाटपणाचे तेल लागते. जुने, अधिक दाट एटीएफ त्यात भरल्यास दाब व गिअर बदलण्याची वेळ बिघडते. 'सर्व गाड्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाच्या डब्यावर संबंधित विनिर्देश स्पष्ट लिहिलेला आहे काय, हे पाहावे लागते. विनिर्देशाचे तेल उपलब्ध नसल्यास बदल पुढे ढकलणे हे चुकीचे तेल भरण्यापेक्षा कमी धोक्याचे असते. डबा सीलबंद असणे आणि त्यावर उत्पादनाची तारीख असणे या गोष्टी बनावट तेल टाळण्यास उपयोगी पडतात.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

टप्प्याटप्प्याने केलेल्या एका पूर्ण बदलात ९ ते १० लिटर वापरलेले तेल जमा होते. त्यात झिजलेल्या धातूंचे कण व विघटित रसायने असतात. घातक व इतर अपशिष्ट (व्यवस्थापन व सीमापार हालचाल) नियम, २०१६ यांनुसार वापरलेल्या तेलाची गणना घातक अपशिष्टात होते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकर्त्याकडेच देणे अपेक्षित आहे. या नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारीही टाकण्यात आली आहे. राज्यात या नियमांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

ग्रामीण भागात 'काळे ऑईल' लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्यासाठी, बैलगाडीच्या आसाला लावण्यासाठी किंवा धूळ बसवण्यासाठी जमिनीवर ओतण्यासाठी वापरले जाते. जमिनीवर ओतलेले तेल पावसासोबत ओढ्यानाल्यांत, आणि मुरून विहिरींच्या पाण्यात जाऊ शकते. हिंगोली जिल्ह्यातून वाहणाऱ्या कयाधू व पूर्णा या नद्यांच्या काठच्या गावांत शेती व पिण्याचे पाणी यांचा आधार हेच जलस्रोत आहेत. जुने तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून, त्यात कुलंट, पेट्रोल किंवा पाणी न मिसळता, अधिकृत संकलन करणाऱ्या गॅरेजकडे देणे ही योग्य पद्धत मानली जाते. मिसळलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया करणे कठीण होते.